शाकारणी

गेल्या चैत्रात खातेगांवहून फोन आला. बोलणारे आजींचे नातू. आता तेही पन्नाशी उलटलेले, पण आम्हांस अजून 'काका' म्हणतात. "काका, घरावर स्लॅब टाकायचे ठरले आहे. ठेकेदार म्हणतो, वैशाखात कवेलू उतरवून घ्या. एकदा येऊन पाहून जाल का? त्या छपराची माहिती तुमच्याइतकी कोणाला आहे?" शेवटच्या वाक्यात टोमणा नव्हता हे आम्ही जाणतो, तरी तो लागायचा तेथे लागलाच. त्या छपराची माहिती आम्हांस कशी झाली, हे त्या घरात तीन पिढ्या सांगितले जात आहे. आणि सांगताना दर पिढीने मनमुराद हसून घेतले आहे.

देवास जिल्ह्याबाहेरच्या वाचकांस खातेगांव कदाचित ऐकूनही ठाऊक नसेल. इंदूरहून बैतूलकडे जाणारा रस्ता घाट उतरून कन्नोदवरून येथे येतो, आणि पुढे थोड्याच अंतरावर नेमावरला नर्मदा भेटते. तेथे सिद्धनाथाचे प्राचीन देऊळ आहे आणि पलीकडच्या काठी हंडिया. नर्मदेचे नाभिस्थान ते हेच, असे परिक्रमावासी मानतात. हा मुलूख होळकरांचा. १९४८ साली संस्थाने विलीन होऊन मध्यभारत झाला, तेव्हा देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीबरोबर तो एका जिल्ह्यात आला. कचेरीच्या, शाळेच्या निमित्ताने जी मराठी घरे येथे आली, त्यांतली काही गेली, काही राहिली. राहिलेल्यांपैकी एक घर आजींचे. सागवानी खांब, मातीच्या जाड भिंती, पुढे ओसरी, मध्ये माजघर, मागे कोठीची खोली, आणि या सर्वांवर नळीच्या कौलांची दोन लांब पाखी. आम्हां माळव्यातल्या मराठी मंडळींच्या घरांत 'कौल' हा शब्द पुस्तकात राहिला; तोंडी सगळे 'कवेलू'च म्हणतात. शाकारणीला मात्र त्या घरात कोणी दुसरा शब्द लावला नाही. ती मृगाच्या आत व्हायची, आणि झाली नाही तर आजींना झोप लागत नसे.

१९७३ सालच्या जानेवारीत आम्ही तेथे उतरलो ते बांधकामाचे प्रशिक्षणार्थी म्हणून. वय एकवीस, हातात स्थापत्याची पदविका आणि बोलण्यात तिचा थोडा अधिकच उच्चार. एक वर्ष प्रत्यक्ष कामावर राहायचे, शिकायचे, विद्यावेतन घ्यायचे, असा करार होता. शाळेच्या चार खोल्या आणि एका दवाखान्याची इमारत, एवढे काम चालू होते. राहण्यासाठी आजींच्या ओसरीलगतची खोली मिळाली. भाडे नाममात्र, पण रात्रीचे जेवण त्यांच्याकडेच घ्यायचे, ही अट त्यांचीच.

आमच्या पाठ्यपुस्तकात छपरांवर एक मोठा धडा होता आणि तो बहुतेक सगळा विलायती होता. त्यात स्लेटच्या छपराला जेवढी पाने होती तेवढी कौलांना नव्हती. वेल्समधल्या खाणींतून निघणाऱ्या या पाट्यांना आकारांप्रमाणे नावेही दिलेली: एक डचेस, दुसरी काउंटेस, तिसरी लेडी. छपरावर सारा सरदारवर्ग ओळीने निजलेला! वरची पाटी खालच्या पाटीला झाकते आणि तिच्याही खालच्या तिसरीच्या माथ्यावर तीनएक इंच येऊन पोचते. म्हणजे छपरावर कोठेही बोट ठेवले तरी त्याखाली निदान दोन पाट्या असल्याच पाहिजेत. तांब्याचा खिळा कोठे मारायचा, त्याचे भोक कोणत्या बाजूने पाडायचे, हे सारे आम्ही परीक्षेत सुबक आकृती काढून लिहिले होते. प्रत्यक्षात स्लेट पाहिली होती ती शाळेतली पाटी, आणि मंदसोरकडची लेखणी, जी कापताना उडणाऱ्या धुळीने तेथील कितीतरी कामगारांची फुप्फुसे निकामी केली. छपरावरची स्लेट आम्ही फार वर्षांनी कांगड्यात पाहिली. तेथे धौलाधारच्या पायथ्याची घरे त्याच दगडाने आच्छादलेली आहेत, आणि ती आच्छादणाऱ्यांनी काउंटेसचे नाव कधी ऐकलेले नसावे. पण नियम तोच, दोन पाट्यांचा.

खातेगांवच्या कामावर छपराचा मुखत्यार होता एक म्हातारा मिस्त्री. सगळे त्याला 'दाजी' म्हणत. मराठीत दाजी म्हणजे बहिणीचे यजमान. माळवीत दाजी म्हणजे वडीलधारा माणूस. पहिल्या दिवशी आम्ही आजींना "दाजींच्या हाताखाली लागलो" असे सांगितले, तेव्हा त्यांनी मोठ्या आस्थेने विचारले, "बहीण इकडेच दिली आहे होय रे?" दाजी कुंभारवाड्यातला. बाप चाकावर कौले काढी, हा छपरावर चढून ती मांडी. शरीर वाळल्या शेंगेसारखे, आणि बोलणे अगदी बेतलेले. आमची पदविका त्याने विचारली नाही. "बाबूसाब, चप्पल उतारो," एवढेच पहिले वाक्य.

पण चपला उतरवून आम्हांस वर चढू दिले नाही. पहिला पंधरवडा जमिनीवरच गेला. कौलांच्या राशीपुढे बसायचे, एकेक हातात घ्यायचे आणि बोटाच्या पेराने ठोकायचे. खणखणले तर चांगले. बद्द वाजले तर कोठेतरी डोळ्यास न दिसणारी चीर आहे किंवा भाजणी कच्ची आहे. कच्चे कौल पाणी पिते, जड होते आणि वाशांवर भार टाकते. जास्त भाजलेले वाकडे होते व शेजाऱ्याशी बसत नाही. येथली काळी माती एकटी कौलांच्या कामाची नव्हे. ओली झाली की फुगते, सुकली की तडकते. म्हणून कुंभार तिच्यात तळ्याचा गाळ आणि राख मिसळतात. चाकावर प्रथम एक निमुळता नळ काढायचा, जरा सुकला की दोऱ्याने उभा चिरायचा आणि पुरता वाळल्यावर टिचकीने दोन भाग वेगळे करायचे. एका नळाची दोन कौले, प्रत्येकाचे एक तोंड रुंद, एक अरुंद. हाताने काढलेली असल्याने कोणतीही दोन अगदी सारखी नसतात. दाजी त्यांच्या तीन राशी घालायचा: पाणी वाहून नेणाऱ्या खालच्या ओळीसाठी पक्की व रुंद, झाकणीच्या वरच्या ओळीसाठी त्याहून हलकी, आणि आढ्यावरची लांब, सरळ. फुटकी टाकायची नाहीत. त्यांचे तुकडे वळचणीला टेकण म्हणून लागतात. आम्ही पंधरा दिवसांत काही हजार कौले ठोकली असतील. पुढे झोपेतसुद्धा पेर हलत असे, असे आजी सांगायच्या. त्यातला अतिशयोक्तीचा भाग वगळला तरी बोटाला घट्टा पडला होता, तो खरा.

मग शिडी. छपरावर पाय ठेवावा तो वाशाच्या रेषेवर, आणि जेथे एक कौल दुसऱ्यावर चढते त्या सांध्यावर. टाच आधी टेकायची नाही. पूर्ण तळवा हळू ठेवायचा. उतारावर आडवी बांबूची शिडी टाकून तिच्यावर बसायचे, म्हणजे भार वाटला जातो. कौले वर चढवायची ती झेलाने. खालचा गडी दोन-दोनची जोडी वर फेकतो, शिडीवरचा झेलून पुढे देतो, आणि हे सारे न बोलता, एका तालात चालते. मांडणी वळचणीपासून सुरू होऊन आढ्याकडे जाते. उलटे कधी नाही, कारण प्रत्येक वरच्या कौलाला खालच्याच्या अंगावर बसायचे असते.

शाळेवर नळीची नव्हे, मंगळुरी कौले होती, ज्यांना इकडे 'इंग्लिश कवेलू' म्हणतात. या नावाची गंमत अशी की, त्यात इंग्लिश काहीच नाही. एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचे पेटंट १८४१ साली घेतले ते आल्सास प्रांतातल्या जिलार्दोनी बंधूंनी. १८६५ साली मंगळुरास यंत्रावर कौले पाडायचा कारखाना काढला तो स्वित्झर्लंडमधल्या बासेल मिशनच्या जर्मन पाद्र्यांनी. पुढे या कौलाने अख्खा पश्चिम किनारा झाकला आणि आगगाडीने ते माळव्यातही आले. चौरस मीटरला पंधरा पुरतात. प्रत्येकाचे वजन दोन-अडीच किलो. रिपा ठरलेल्या अंतरावर ठोकल्या की कौल आपोआप जागेवर बसते. आम्ही तेथे चटकन तरबेज झालो. दाजीने त्याबद्दल कौतुक केले नाही. "यह तो खुद बैठता है," तो म्हणाला. म्हणजे बसवणाऱ्याचे श्रेय त्यात काय!

ज्येष्ठ लागला. आजींच्या घराची शाकारणी दरसाल दाजीच करी. त्या वर्षी घरच्या लग्नासाठी तो सिहोरकडे गेला तो लवकर परतेना. पश्चिमेकडे ढग दिसू लागले. आजी रोज सकाळी अंगणात येऊन वर पाहत, मग आमच्याकडे पाहत, पण बोलत काही नसत. त्या न बोलण्यानेच आमचा अहंकार जागा केला. "आजी, पुढचे पाखे ठीकच दिसते. कोठीवरचे मागचे तेवढे आम्ही करून देतो," असे आम्ही सांगून बसलो. "जमेल ना रे?" त्यांनी विचारले. पदविकाधारकाने यास जे उत्तर द्यायचे तेच आम्ही दिले.

दोन गडी घेऊन रविवारी काम काढले. सातशेच्या वर कौले उतरवली, झाडली, ठोकून पाहिली, निवडली. येथवर सर्व शास्त्राप्रमाणे झाले. मग मांडणी. वरच्या झाकणीच्या ओळीत कौलाचे रुंद तोंड खाली येते, हे आमच्या नजरेत पक्के बसले होते, कारण रस्त्यावरून पाहणाऱ्यास झाकणीचीच ओळ दिसते. खालची, पन्हळीची ओळ तिच्या पोटात लपलेली. ती दाजीने आमच्यासमोर अनेकदा मांडली होती, आणि आम्ही ती अनेकदा पाहिली नव्हती. आम्ही दोन्ही ओळींना एकच नियम लावला. संध्याकाळपर्यंत पाखे पूर्ण झाले, आणि खालून पाहता फारच देखणे झाले. आजींनी दोन्ही गड्यांना व आम्हांस शिरा करून घातला.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, रात्री दोनच्या सुमारास पाऊस आला. माळव्यातला पहिला पाऊस अंगावर येतो तसा, विजांसकट. आम्ही मोठ्या समाधानाने कौलांवरचा आवाज ऐकत पडलो होतो. थोड्या वेळाने दुसराच एक आवाज ऐकू येऊ लागला, घराच्या आतून. कंदील घेऊन कोठीत गेलो, तो एका जागी नव्हे, ओळीने, जणू आखून दिल्यासारखे पाणी गळत होते. खाली वर्षाची बेगमी: चार पोती गहू, डाळीचे डबे, आणि उन्हाळाभर गच्चीविना, अंगणातल्या खाटेवर राखण करीत वाळवलेल्या कुरडया आणि सांडगे. आजी आमच्या आधीच तेथे उभ्या होत्या. पातेली, परात, घंगाळ, हाताला लागेल ते त्या गळत्या धारांखाली सारीत होत्या. आमच्याकडे वळून म्हणाल्या, "तो डबा आधी उचल." बस्स, एवढेच.

आजींना पेन्शन किती होती ते आम्हांस ठाऊक होते, कारण मनीऑर्डरवर साक्षीदार म्हणून सही आम्हीच करीत असू. चार पोती गव्हांचा अर्थ आम्हांस हिशेब न करता कळत होता. सकाळी आम्ही विद्यावेतनाचे पाकीट त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते उचलून आमच्याच खिशात घातले. "अरे, भिजले ते भिजले. चिकाला गहू नाहीतरी भिजवावेच लागतात." आणि त्यानंतर आठ-दहा दिवस त्या घरात दोन्ही वेळा गव्हाचा चीक झाला. आम्हांस वाढताना वाटी कधी अर्धी भरली नाही. चिकाचे कौतुक असणारी माणसे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. आम्ही त्यांत नाही. उरलेला गहू गाईला गेला, आणि काही शेजारच्या घरांत, जेथून पुढे दिवाळीपर्यंत कोणी ना कोणी मापभर गहू "आमच्याकडे जास्त आहेत" म्हणून आणून देत राहिले.

तीन दिवसांनी दाजी परतला. त्याने छपराकडे एकदा पाहिले, वर चढला नाही. अंगणात एक फळी तिरपी टेकली, आमच्या हातची तीन कौले तिच्यावर आम्ही मांडली होती तशी मांडली, आणि आजींकडून लोटाभर पाणी मागून घेतले. वरच्या कौलाचे रुंद तोंड खालच्याच्या अरुंद तोंडात मावेना. ते त्याच्या काठांवर आरूढ झाले होते. पाणी सांध्यापाशी आले, दोन्ही बाजूंनी फुटले आणि फळीवर सांडले. मग त्याने तिन्ही कौले उलट फिरवली: रुंद तोंड वर, अरुंद खाली. आता वरच्याचे अरुंद तोंड खालच्याच्या रुंद तोंडात अलगद शिरले होते. उरलेले पाणी त्याने ओतले. ते तिन्हींतून सरळ खाली येऊन त्याच्या पायावर पडले. "तुम नीचे से बिछाते हो, बाबूसाब. पानी ऊपर से चलता है," तो म्हणाला, आणि बिडी पेटवून खाटेवर बसला. दिवसभर तो तेथून उठला नाही. पावसाच्या उघडिपीत ते सगळे पाखे आम्ही एकट्याने उतरवले आणि पुन्हा मांडले. प्रत्येक पन्हळीत पाणी ओतून पाहिले. रात्री आजींनी आमच्या तळव्यांना तेल चोळायला गडी बोलावला, तेव्हा आम्हांस लाजेने मरण यावे असे झाले.

पण दाजीची खरी विद्या कळायला ऑगस्ट उजाडावा लागला. त्या १९७३ सालच्या ऑगस्टअखेर नर्मदेला महापूर आला. होशंगाबाद शहरात पाणी शिरले. आमच्याही खालच्या अंगास काठावरच्या वस्त्यांतून मातीच्या भिंती विरघळल्या आणि छपरे जशीच्या तशी खाली बसली. पाणी ओसरल्यावर आम्हां प्रशिक्षणार्थींस तिकडे धाडले. आम्ही समजत होतो, मलबा उपसायचा. दाजीने कुणालाही फावडे लावू दिले नाही. आढ्यापासून आरंभ करून, ज्या क्रमाने चढवले त्याच्या उलट क्रमाने, चिखलातून एकेक कौल हाताने काढायचे, धुवायचे, ठोकायचे, निवडून रचायचे. घरात भांडे उरले नव्हते, दाणा उरला नव्हता. पण एका घरधन्याची रास मोजली तर दोन हजारांवर कौले धड निघाली. तो मोजणीच्या वेळी जवळ बसून राहिला होता, आणि आकडा ऐकल्यावर प्रथमच उठून पाणी प्याला. कार्तिकात नव्या भिंतींवर तेच छप्पर परत चढले. वासे काही जुने, काही नवे. कौले त्याचीच. तेव्हा आमच्या ध्यानात आले की, शाळेवर आम्ही शिकत होतो ते छप्पर घालणे, आणि हा मनुष्य छप्पर उतरवणेही जाणत होता. दरसालची शाकारणी म्हणजे त्याचाच सराव.

वर्षअखेरीस प्रमाणपत्र मिळाले. 'इमारत-बांधकामाचा एक वर्षाचा अनुभव' एवढाच त्यात उल्लेख. छपराचा उल्लेख नव्हता, ही एक प्रकारे कृपाच.

पुढची छत्तीस वर्षे आम्ही स्लॅब टाकले. येथे कौलांचा कैवार घेऊन स्लॅबला शिव्या देण्याचा आमचा विचार नाही. तो अधिकारही नाही, कारण इंदुरात आम्ही स्लॅबखालीच राहतो. स्लॅबवर दुसरा मजला चढतो. गच्ची मिळते, तिच्यावर कुरडया वाळतात. काळतोंड्या वानरांची टोळी एका उडीत दहा कौले फोडते, त्यांचे स्लॅबपुढे काही चालत नाही, आणि नेमावर-खातेगांवकडच्या लोकांना कौले सोडण्याचे कारण विचारले तर दहांतले सात जण प्रथम वानरांचेच नाव घेतात. उंदीर, विंचू, दरसालची मजुरी, आणि मजुरी देऊनही न मिळणारा मिस्त्री, हे सगळे खरे आहे. वैशाखातल्या रात्री स्लॅब दिवसभराचा ताप घरात ओततो तेव्हा आम्हांस आजींचे माजघर आठवते. पण आठवण काढणारा मनुष्य छपरावर चढणारा नसतो, हेही तितकेच खरे.

एक गोष्ट मात्र आम्हांस अजून खुपते. २०११ सालच्या सामाजिक-आर्थिक जातगणनेत घरांची कच्ची-पक्की अशी वर्गवारी झाली. यंत्रावर पाडलेले कौल पक्के, पत्रा पक्का, स्लेटसुद्धा पक्की. आणि हातचे कौल गवताच्या व प्लॅस्टिकच्या पंक्तीत, कच्चे. दाजीच्या बापाने काढलेले कौल आमच्या डोळ्यांदेखत पुरातून निघाले, पत्रे वाहून गेले. तरी कागदावर हिशेब असा. त्याचा एक लाभही झाला, हे सांगितले पाहिजे. कच्च्या घरात राहणाऱ्यांस २०१६ साली निघालेल्या पंतप्रधान आवास योजनेतून पक्के घर मिळू लागले: निदान पंचवीस चौरस मीटरांचे, सपाटीच्या प्रदेशात एक लाख वीस हजार रुपयांच्या साह्याने. त्या घरांसाठी गवंडी हवेत म्हणून पंचेचाळीस दिवसांचे ग्रामीण गवंडी-प्रशिक्षण सुरू झाले. घर बांधता बांधता शिकायचे, ही त्यातली कल्पना आम्हांस फार आवडली. फक्त त्या घरांवर नळीचे कौल नसते, तेव्हा ते शिकण्याचाही प्रश्न येत नाही.

आणि २००४ सालचे हरसूद. इंदिरासागर धरणात ते गाव गेले. आमच्या देवास जिल्ह्यातलीही काठची गावे गेली. त्या जूनमध्ये लोकांनी आपली घरे आपल्याच हाताने उतरवली. चौकटी, वासे, कवेलू ट्रॅक्टरांवर लादून नेले. आम्ही तेव्हा नोकरीत होतो आणि दुसऱ्याच कामासाठी खंडव्यास गेलो होतो. रस्त्यात एक ट्रॉली पाहिली. कौले उभी, एकात एक घालून, भुसा भरून, अशी नीट रचलेली की, ती रचणाऱ्याने दाजीसारख्या कुणाच्या हाताखाली नक्की दिवस काढले असावेत. ट्रॉलीवर एक म्हातारी बसली होती, कौलांना हात लावून. पक्क्या घरांचे मात्र तसे करता येत नव्हते. ती घणाने फोडून, सळ्या काढून घेत होते.

तर असा फोन, आणि वैशाखात आम्ही खातेगांवला. आजींना जाऊन चाळीस वर्षे झाली. घर तेच. ठेकेदाराने दोन पोरे पाठवली होती. त्यांचा बेत असा की, वर चढून फावड्याने सगळे एका दिवसात खाली ढकलायचे. चुरा जोत्याच्या भरणीस कामी येईल. आम्ही म्हटले, हाताने उतरवा. नातू अडचणीत पडले. "काका, हाताने म्हणजे चार दिवस. चार दिवसांची मजुरी कोण देणार? आणि ठेवायची कोठे?" त्यांचे म्हणणे चूक नव्हते. घरात मुलीचे लग्न ठरलेले, स्लॅबचा खर्च अंगावर. आम्ही तिरुवनंतपुरमच्या लॉरी बेकर यांचे उदाहरण दिले. त्यांनी जुनी मंगळुरी कौले स्लॅबच्या पोटात घालून सिमेंट वाचवले आणि छतही थंड ठेवले. ठेकेदाराने आदराने ऐकून घेतले व म्हटले, "साहेब, ती चपटी कौले. ही नळीची. आणि माझ्याकडे ते जाणणारा मिस्त्री नाही." यावर उत्तर नव्हते. रात्री झोप आली नाही. वर पाहिले तर कंदिलाच्या काळापासूनची काजळी वाशांवर तशीच.

मार्ग निघाला तो दूधवाल्याच्या तोंडून. खिवनीच्या जंगलाकडच्या एका गावात त्याचे नातलग गोठा बांधीत होते. पत्र्याखाली गुरे तापतात, म्हणून त्यांना कवेलू हवे होते, आणि नवे कोठे मिळत नव्हते. ठरले ते असे: त्यांनी आपली माणसे आणावी, हाताने उतरवावे आणि सर्व फुकट न्यावे. दुसऱ्याच दिवशी बाप, दोन मुलगे आणि एक सून ट्रॅक्टर घेऊन हजर झाले. धाकट्या मुलाने गवंड्याचे ते पंचेचाळीस दिवसांचे प्रशिक्षण घेतलेले होते. स्लॅबची सळई तो उत्तम बांधतो, असे बापाने अभिमानाने सांगितले.

आम्ही अंगणात खाटेवर बसलो. एकाहत्तराव्या वर्षी शिडी चढू नये एवढे शहाणपण आता आले आहे. खालून ओरडून सांगत होतो: आढ्यापासून घ्या, सांध्यावर पाय ठेवा, टाच नको. थोरला हे जाणत होता आणि ऐकल्यासारखे करीत होता. मागच्या पाख्यावर ते पोचले तेव्हा क्षणभर वाटले, आमच्या हातची कौले ओळखू येतील. पण मधल्या कित्येक शाकारण्यांत सगळी इकडची तिकडे झालेली, फुटलेल्यांच्या जागी दुसरी आलेली. शोधण्यात अर्थ नव्हता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मोजणी झाली: धड चार हजार दोनशे दहा, फुटकी सहाशेच्या आसपास. फुटकीही त्यांनी मागून घेतली. ठेकेदाराच्या भरणीस काही उरले नाही, म्हणून तो थोडा नाराज झाला.

धाकटा मुलगा शेवटच्या खेपेची कौले रचत होता. त्याने एक हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "दादाजी, इसका कौन-सा मुँह नीचे?" आम्ही आतून फळी मागवली, तीन कौले तिच्यावर प्रथम चुकीची मांडली, आणि सूनबाईंकडे लोटाभर पाणी मागितले. पाणी सांडले. मग फिरवून मांडली आणि पुन्हा ओतले. पोरगा उकिडवा बसून पाहत होता. त्याने लोटा आमच्या हातून घेतला, स्वतः एकदा ओतून पाहिले, आणि बापाला हाक मारली. बाप म्हणाला, मला ठाऊक आहे, लहानपणापासून बापाबरोबर मांडीत आलो आहे. मग थोडे थांबून म्हणाला की, पाणी ओतून मात्र कोणी दाखवले नव्हते.

ट्रॅक्टर गेला. माजघरावर आता उघडे वासे आणि त्यांतून दिसणारे आभाळ. आम्ही सवयीने पश्चिमेकडे पाहिले. सूनबाई चहा घेऊन आल्या, आमच्या नजरेच्या रोखाने त्यांनीही वर पाहिले आणि म्हणाल्या, "काका, काळजी करू नका. गहू या वेळी आधीच शेजारी हलवले आहेत."